रोबो की पाइपवाला? आधी तळाशी काय साचतं ते पाहा

प्रश्न: आमच्या घरामागे आठ मीटर लांब, चार मीटर रुंद असा स्विमिंग पूल आहे. एका टोकाला सव्वा मीटर खोल, दुसऱ्या टोकाला पावणेदोन मीटर. आतून सगळ्या टाइल्स आहेत आणि उथळ बाजूला पाण्यात उतरायच्या चार पायऱ्या. दीड हॉर्सपॉवरचा, एकाच वेगाने चालणारा पंप आणि सँड फिल्टर (वाळूतून पाणी गाळणारा) आहे. कुंपणाला लागून बारीक पानांची दोन मोठी झाडं आहेत. त्यांची पानगळ कायमचीच, आणि वारा सुटला की धूळही येते. माझे सासरे रोज सकाळी जाळीने पानं काढतात, आठवड्यातून दोनदा लांब दांड्याच्या व्हॅक्यूमने तळ साफ करतात. आता त्यांची कंबर धरते, म्हणून ऑटोमॅटिक क्लीनर घ्यायचं ठरवलंय. विक्रेत्याने तीन प्रकार दाखवले: स्किमरला (पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या तोंडाला) पाइप जोडून चालणारा, बूस्टर पंपावर चालणारा आणि रोबो. रोबोतही एक वायरचा, एक बॅटरीचा. जाऊबाई म्हणतात, सगळ्यात महागडा रोबो घे, म्हणजे पुन्हा पाण्याकडे बघायला नको. तसं खरंच होतं का? आणि मुलं पोहत असताना तो आत राहिला तर चालतं का?

उत्तर: जाऊबाईंचा सल्ला मायेचा आहे, पण ‘पुन्हा बघायला नको’ असं कुठल्याच क्लीनरने होत नाही. कोणतंही यंत्र कचरा नाहीसा करत नाही. तळावरचा उचलतं आणि दुसरीकडे नेऊन ठेवतं. ते दुसरं ठिकाण कोणतं आणि तिथून तो रोज कोण काढणार, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की तुमची निवड जवळजवळ झालीच. बाकी अ‍ॅप, रिमोट, दिवे हे सगळं नंतरचं.

म्हणून पैसे मोजण्याआधी एक आठवडा फक्त निरीक्षण करा. सकाळी पंप चालू करण्याआधी, पाणी स्थिर असताना, काठावरून तळ पाहा. पानं कुठे गोळा होतात, खोल बाजूला की पायऱ्यांच्या कोपऱ्यात? मग जाळीचा दांडा उलटा धरून तळावर हलकेच टेकवा. धुरासारखा मऊ ढग उठला आणि थोड्या वेळाने परत तिथेच बसला, तर ती बारीक धूळ. दांड्याला बुळबुळीत लागलं, सावलीच्या बाजूला टाइल्सच्या सांध्यांत हिरवट झाक दिसली, तर ते शेवाळ. खाली खसखस जाणवली तर वाळू. स्किमरची आणि पंपाची जाळी दिवसभरात किती भरते तेही पाहून ठेवा.

शेवाळ असेल तर खरेदी थांबवा. क्लीनर शेवाळ मारत नाही, ते फक्त इकडचं तिकडे पसरवतो. आधी पाण्याची चाचणी करून मुक्त क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत १ ते ३ भाग) आणि पीएच ७.२ ते ७.८ या मर्यादेत आणा. भिंती हाताने ब्रशने घासा, गरज पडली तर क्लोरीनचा जादा डोस द्या. मेलेलं शेवाळ तळाशी बसलं की व्हॅक्यूमने ते थेट बाहेर सोडा, फिल्टरमधून नेऊ नका. इतका बारीक गाळ सँड फिल्टरमध्ये पुरता अडकत नाही. पाणी दोन दिवस निवळ राहिलं की मग क्लीनरचा विचार करा.

आता तीन प्रकारांकडे येऊ.

पाइपवाला, म्हणजे सक्शन क्लीनर, तुमच्या पंपाच्याच ओढीवर चालतो. स्किमरच्या तोंडाशी किंवा भिंतीतल्या व्हॅक्यूमच्या जागी पाइप लावायचा, दुसऱ्या टोकाला क्लीनर. कल्पना जुनी आणि पारखलेली आहे. १९७४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत फर्डिनांड शोव्हिए यांनी बाजारात आणलेला ‘क्रीपी क्रॉली’ याच जातीचा. आजच्या काही सक्शन क्लीनरमध्ये हलणारा भाग म्हणजे एक रबरी पडदा, एवढाच. पाण्याच्या ओढीने तो उघडझाप करतो आणि त्या धक्क्यांनी क्लीनर पुढे सरकतो. मोटर नाही, वायर नाही, आणि तिन्ही प्रकारांत खर्चही सहसा याचाच कमी. पडदा फाटला तर घरीच बदलता येतो. मला हा प्रकार मनापासून आवडतो आणि लहान, साध्या आकाराच्या तलावाला मी तो आनंदाने सुचवतो.

पण तुमच्याकडे पानं आहेत. सक्शन क्लीनरने उचललेलं प्रत्येक पान पाइपातून पंपाच्या जाळीत येतं. जाळी भरली की ओढ कमी होते, क्लीनर जागच्या जागी थबकतो आणि पंपाला पाणी पुरत नाही. सासऱ्यांना मग रोज पंप बंद करा, व्हॉल्व्ह फिरवा, झाकण उघडा, जाळी झटका, पुन्हा हवा काढा, एवढं सगळं करावं लागेल. जाळीने पानं काढण्यापेक्षा हे सोपं म्हणता येणार नाही. पाइपाच्या मध्ये पानांचा डबा बसवला तर हा त्रास बराच कमी होतो. तो पारदर्शक असला तर किती भरला हे काठावरूनच दिसतं. बारीक धूळ मात्र त्या डब्यातून पुढे जाते आणि सँड फिल्टरमध्ये पोचते. फिल्टरच्या काट्यावरचा दाब स्वच्छ असतानाच्या दाबापेक्षा ८ ते १० पीएसआयने वर गेला की बॅकवॉश करायचा, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुवायचा, आणि दर वेळी भरपूर पाणी वाहून जायचं. आणखी एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. पाइप स्किमरला लावला की तेवढा वेळ स्किमर पृष्ठभागावरचा कचरा ओढत नाही. झाडांखालच्या तलावात याची किंमत मोजावी लागते, कारण वर तरंगणारं पान तेव्हाच उचललं नाही की ते भिजून खाली बसतं.

तरीही हाच घ्यायचं ठरलं, तर पाइपाची लांबी नीट मोजा. जोडणीच्या तोंडापासून तलावाच्या सर्वांत लांबच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर घ्या आणि त्यावर एक तुकडा जादा. तुमच्या मापात कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत साधारण नऊ मीटर भरतात. पाइप गुंडाळून ठेवू नका. त्याला वळण बसतं आणि मग क्लीनर त्याच वर्तुळात फिरत राहतो. सरळ आडवा ठेवायचा. एकच बाजू अस्वच्छ राहत असेल तर क्लीनरला दोष देण्याआधी पाणी परत येणाऱ्या नोझलची दिशा बदलून पाहा. बऱ्याचदा तिथला झोतच पाइपाला ढकलत असतो.

बूस्टरवाल्या प्रेशर क्लीनरबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो तुमच्यासाठी नाही. तो पाण्याच्या जोराच्या झोतावर चालतो आणि कचरा स्वतःच्या पिशवीत घेतो. त्यामुळे मोठी पानं, बिया, काटक्या यांसाठी तो उत्तम, आणि फिल्टरवर भारही येत नाही. पण त्याला बहुधा भिंतीत वेगळी पाइपलाइन आणि साधारण पाऊण हॉर्सपॉवरचा जादा पंप लागतो. तो जादा पंपही मुख्य पंप सुरू असतानाच चालवायचा असतो. तलाव बांधतानाच ही लाइन टाकलेली असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. एका क्लीनरपायी टाइल्स फोडायला मी सांगणार नाही.

राहिला रोबो. त्याच्या पोटातच मोटर, पंप आणि गाळणी असते. काठावरचा ट्रान्सफॉर्मर घरातल्या विजेचा दाब उतरवून त्याला साधारण २४ ते ३० व्होल्ट देतो. तुमचा पंप आणि फिल्टर यांच्याशी त्याचा काही संबंध नसतो. तो तळ घासतो, मॉडेलनुसार भिंती चढतो, आणि सगळा कचरा स्वतःच्या टोपलीत ठेवतो. तुमच्या तलावासाठी याचा खरा फायदा इथे आहे. पानं पंपाच्या जाळीत जात नाहीत, धूळ वाळूत जात नाही आणि स्किमर दिवसभर पृष्ठभागावरचं काम करायला मोकळा राहतो.

विजेच्या बाबतीत ‘रोबो वीज वाचवतो’ हे तुम्हाला ऐकवलं असेलच. ते अर्धं खरं आहे. रोबो साधारण १५० ते २०० वॅट घेतो, म्हणजे दोन तासांच्या फेरीला ०.३ ते ०.४ युनिट. तुमचा दीड हॉर्सपॉवरचा पंप तासाला एक युनिटाहून जास्त खातो. पण तो पंप तुम्हाला गाळणीसाठी चालवावाच लागतो. हिशोब करून पाहा: आठ गुणिले चार, सरासरी दीड मीटर खोली, म्हणजे ४८ घनमीटर, अर्थात ४८ हजार लिटर. पंप तासाला १२ हजार लिटर फिरवत असेल तर सगळं पाणी एकदा गाळायला चार तास लागतात. त्या चार तासांत सक्शन क्लीनर जोडला तर त्याची वीज जवळपास फुकटच. क्लीनरसाठी म्हणून पंप आणखी दोन-तीन तास चालवायला लागलात तरच रोबोची बचत सुरू होते. पुढे कधी कमी-जास्त वेगाचा पंप बसवलात तर मात्र पारडं रोबोकडे झुकतं. असा पंप निम्म्या वेगावर साधारण आठव्या हिश्श्याच्या विजेत चालतो, पण त्या मंद ओढीवर सक्शन क्लीनर बहुतेक वेळा हलतच नाही.

तेव्हा तुमच्यासाठी माझं मत सांगतो: वायरचा, मध्यम प्रतीचा रोबो घ्या. सगळ्यात महागडा नको. मात्र एक अट आहे. तो पाण्याबाहेर काढायचं काम सासऱ्यांच्या माथी मारू नका.

या अटीवर मी अडून बसतोय, कारण कंबरदुखीसाठी आणलेल्या यंत्राने कंबर आणखी दुखावणं मला बघवणार नाही. घरगुती रोबोचं कोरडं वजन बरेचदा आठ-दहा किलो असतं आणि बाहेर काढताना आत पाणी भरलेलं असतं. काठावर वाकून, हात लांब करून तेवढं वजन उचलणं म्हणजे दुखऱ्या कंबरेला आमंत्रण. तुमच्यापैकी कुणीतरी तरुण हे काम पक्कं अंगावर घ्या. वायर हळूहळू ओढून रोबो काठाशी आणायचा, पण वायरने उचलायचा नाही. मूठ पृष्ठभागावर आली की ती धरून रोबो तसाच दहा-पंधरा सेकंद ठेवायचा. पाणी खालून निघून जातं आणि मग उचलायचा. काठाशी त्याची चाकांची गाडी तयार असू द्या. घरात हे रोज करणारं कुणीच नसेल, तर माझं उत्तर बदलतं: मग पानांच्या डब्यासकट सक्शन क्लीनर घ्या, कारण तो पाण्यातच राहतो आणि उचलायचा असतो फक्त डबा. कमी वजनाचे रोबोही मिळतात, पण त्यांची टोपली लहान असते. दोन झाडांची पानं त्यात पुरी फेरी मावतील असं मला वाटत नाही.

विक्रेत्याकडे गेल्यावर रोबोचं झाकण स्वतःच्या हाताने उघडून पाहा. टोपली वरून निघायला हवी. खालून निघणाऱ्या गाळणीसाठी ओला रोबो उलटा करावा लागतो आणि बारीक गाळ परत पाण्यात सांडतो. टोपली मोठी असावी आणि जाळ्या बदलता याव्यात: पानगळीत जाड जाळी, धुळीच्या दिवसांत बारीक. बारीक जाळी लावून पानं उचलायला सोडलं तर ती लवकर तुंबते आणि रोबोची ओढ संपते. ब्रशबद्दल मुद्दाम विचारा. गुळगुळीत ओल्या टाइल्सवर काही प्लास्टिकचे ब्रश घसरतात, भिंतीवर अर्ध्यातून रोबो खाली येतो. तिथे स्पंजासारखे फोमचे रोलर चांगली पकड घेतात. हा फोम वाळला की कडक होतो, म्हणून पाण्यात सोडल्यावर तो भिजून मऊ होईपर्यंत थोडा धीर धरायचा.

वायरच्या लांबीत फार अडकू नका. ट्रान्सफॉर्मर लांब बाजूच्या मध्यावर, काठापासून तीन-साडेतीन मीटर दूर, सावलीत आणि पाणी साचणार नाही अशा जागी ठेवलात, तर सर्वांत लांबच्या कोपऱ्यातल्या तळापर्यंत तुम्हाला दहा-अकरा मीटर पुरतात. पंधरा मीटरची वायर असली की झालं. गरजेपुरतीच वायर पाण्यात सोडा, उरलेली काठावर राहू द्या. सगळी पाण्यात लोटली की पीळ पडायला सुरुवात होते. ज्या प्लगला ट्रान्सफॉर्मर लावाल त्याला ३० मिलिअँपिअरचं, विजेची गळती होताच प्रवाह तोडणारं संरक्षण आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. ते नसेल तर आधी बसवा, मग रोबो आणा.

बॅटरीचा रोबो दिसायला सुटसुटीत आहे. जवळ सुरक्षित प्लग नसेल तर तोच बरा. पण चार्ज संपला की तो बहुधा तळाशी किंवा भिंतीलगत थांबतो आणि कधी कधी आकड्याने ओढून काढावा लागतो. फेरी किती चालेल हे बॅटरी ठरवते, आणि वर्षागणिक बॅटरीची ताकद कमीच होते. चार्जिंगच्या खाचेचं रबर नीट बसलं नाही तर पाणी आत शिरतं. पानगळीमुळे तुम्हाला तो जवळजवळ रोज चालवावा लागेल, म्हणून मी वायरचाच म्हणतो.

पायऱ्यांची अपेक्षा कोणत्याच क्लीनरकडून ठेवू नका. चार अरुंद पायऱ्यांवर रोबोला वळायला जागा मिळत नाही, तिथे ब्रश फिरवून धूळ खाली ढकलायची आणि मग रोबो सोडायचा. शिडीच्या मागचा कोपराही तसाच. तळातल्या निचऱ्याचं झाकण टाइल्सच्या वर उचललेलं असेल तर चाकं किंवा पट्टे तिथे अडकतात. खरेदीआधी याचा फोटो विक्रेत्याला दाखवा आणि शक्य असेल तर तुमच्याच तलावात एक फेरी चालवून दाखवायला सांगा. चांगला विक्रेता याला नाही म्हणणार नाही. ब्रश, पट्टे, जाळ्या हे झिजणारे भाग सुटे मिळतात का आणि दुरुस्ती कुठे होते, हेही त्याच वेळी विचारा. हमीपत्रात मोटर आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही येतात ना, ते वाचून घ्या.

वापराची पद्धत अशी ठेवा. पंप बंद करून पाणी थोडं स्थिरावू द्या, म्हणजे धूळ तळाशी बसते, आणि मग रोबो सोडा. फेरी झाली की लगेच बाहेर काढून टोपली पाइपाच्या धारेखाली धुवा. ओली पानं आत वाळली की जाळीची छिद्रं बुजतात, आणि रोबो पाण्यातच ठेवला तर टोपलीत कुजणारी पानं तुमचं क्लोरीन खातात. क्लोरीनचा जादा डोस द्याल त्या दिवशी रोबो पाण्यात नको. तरंगणारी पानं त्याच्या आवाक्यात येत नाहीत, ती स्किमर आणि हातातली जाळी यांचीच. सासऱ्यांना सकाळची ती फेरी आवडत असेल तर हलकी जाळी त्यांच्याकडे राहू द्या, लांब दांड्याचा व्हॅक्यूम मात्र सोडवा.

शेवटी मुलांचा प्रश्न. रोबो आत असताना पाण्यात कुणीही उतरायचं नाही, मोठ्यांनीसुद्धा. वीज कमी दाबाची असली तरी वायर पायात गुंतते आणि फिरते ब्रश बोटांना लागतात. प्लग काढून रोबो गाडीवर आला की मगच पोहायचं, हा घरातला पक्का नियम करा. आणि आज हे पत्र वाचून झालं की एक गोष्ट करा. सध्या व्हॅक्यूमचा पाइप जोडता ते भिंतीतलं तोंड उघडं आहे का, ते पाहा. पंप चालू असताना तिथली ओढ इतकी असते की लहान मुलाचा हात किंवा केस धरून ठेवेल. त्यावर पाइप काढताच आपोआप मिटणारं स्प्रिंगचं झाकण हवं. ते नसेल किंवा तुटलेलं असेल तर ते बसेपर्यंत त्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद ठेवा आणि मुलांना पाण्यात उतरू देऊ नका.